शिंद्यांचा तोफखाना आणि त्यामागची माणसे

भाषा ही इतिहासाची मोठी कोठी असते. ज्या गोष्टी बखरकार लिहीत नाहीत आणि शिलालेखांवर कोरल्या जात नाहीत, त्या पुष्कळदा एखाद्या शब्दाच्या आश्रयाने टिकून राहतात. ग्वाल्हेरात 'कंपू' नावाची वस्ती आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी दिलेल्या तळाचे पुढे शहर झाले, आणि ते शहर 'लष्कर' याच नावाने ओळखले गेले. इंदूरच्या भर बाजारपेठेत 'तोपखाना' आहे, तर अहमदनगरास 'तोफखाना' आहे. 'पलटण', 'गारदी', 'कंपू', 'गोलंदाज' हे शब्द अठराव्या शतकातील लष्करी छावण्यांतून मराठीत आले आणि इथलेच झाले. त्यांतील 'कंपू' हा शब्द आज एखाद्या मतलबी टोळक्यासाठी वापरला जातो आणि 'गोलंदाज' क्रिकेटच्या मैदानावर गेला आहे. एके काळी या शब्दांमागे रक्तामांसाची माणसे होती आणि त्यांच्या पगाराचा व मरणाचा हिशेब होता, याचे स्मरण मात्र सहसा कोणास होत नाही.

महादजी शिंदे यांनी उत्तर हिंदुस्थानात उभी केलेली कवायती फौज व तिचा तोफखाना हा मराठ्यांच्या इतिहासातील एक तेजस्वी विषय आहे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते बहुतांशी सेनापतींविषयी, आणि त्यातही युरोपियन सेनापतींविषयी आहे. हर्बर्ट कॉम्प्टन यांचा १८९२ सालचा प्रसिद्ध ग्रंथ तर मुळी या युरोपियन शिलेदारांच्याच चरित्रांना वाहिलेला आहे. तोफ ओतणारा, तिला बैल जोडणारा, तिच्यासाठी मोर्चा खणणारा आणि अखेरच्या घटकेपर्यंत तिच्यापाशी उभा राहणारा माणूस या चरित्रांत अधूनमधून डोकावतो आणि नाहीसा होतो. वस्तुतः शिंद्यांच्या तोफखान्याचा उदय आणि अस्त यांचे मर्म याच माणसाच्या कथेत साठवलेले आहे.

पानिपतचा धडा

तोफा ओतण्याची विद्या दख्खनला नवी नव्हती. विजापूरची 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ १५४९ साली अहमदनगर येथे ओतली गेली. पेशवाईत तोफखान्याचे स्वतंत्र खाते होते आणि पानसे घराण्याकडे त्याची सरदारी होती. उणीव तोफांची नव्हती. ती त्यांच्या चालीची होती. जड तोफा, त्यांना लागणारे बैलांचे तांडे आणि मंद गतीचे गाडे हे सारे मराठ्यांच्या चपळ घोडदळाच्या युद्धपद्धतीशी जुळत नव्हते. किल्ल्याच्या बुरुजावर जी तोफ शोभे, ती उघड्या रणात लोढणे होऊन बसे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर हे प्रत्ययास आले. इब्राहिमखान गारदी हा पूर्वी निजामाच्या चाकरीत फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला सरदार होता. त्याच्या पलटणींनी आणि तोफांनी त्या दिवशी जो पराक्रम केला, त्याची साक्ष शत्रुपक्षानेही दिली आहे. परंतु पायदळ, तोफा आणि घोडदळ यांचा मेळ राहिला नाही. घोडेस्वार फळी मोडून पुढे धावले, तेव्हा आपल्याच माणसांच्या आड आपल्या तोफा आल्या. इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला.

याच रणातून महादजी पायाला जबर जखम घेऊन वाचले. त्यांना वाचविणारा राणेखान हा लष्करातील एक भिस्ती, म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा माणूस होता. महादजींनी त्यास पुढे भाऊ मानले. हा राणेखान पदरी वाढत वाढत सेनापतिपदाला पोहोचला. १७८८ मध्ये गुलाम कादिराच्या अत्याचारांतून दिल्लीची व अंध बादशहा शहाआलमची सुटका करणाऱ्या फौजेचे नेतृत्व त्याच्याकडेच होते. फौज ही भालाइतांइतकीच पखालवाल्यांच्याही बळावर उभी असते, ही गोष्ट पाटीलबाबांना कोणी ग्रंथातून शिकविण्याची गरज नव्हती. ती त्यांच्या पायातल्या जखमेने शिकविली होती.

दुसरा धडा ग्वाल्हेरच्या किल्ल्याने दिला. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री कॅप्टन पॉपहॅमच्या इंग्रजी तुकडीने दोर व शिड्या लावून हा अजिंक्य मानलेला किल्ला मराठ्यांकडून घेतला. बुरुजावरील तोफा आपल्या जागी होत्या. त्यांना वळण्यासही सवड मिळाली नाही. शिस्तबद्ध पायदळ आणि त्याच्या बरोबरीने चालणाऱ्या हलक्या तोफा यांवाचून पुढील काळात निभाव लागणार नाही, हे इंग्रजांशी झालेल्या या युद्धात महादजींनी ओळखले. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, पुढच्याच वर्षी ग्वाल्हेरचा किल्ला परत हाती आला, आणि १७८४ मध्ये शिंद्यांच्या पदरी दोन कवायती पलटणी उभ्या राहू लागल्या.

आग्र्याची भट्टी

या पलटणी उभ्या करणारा बेन्वा डी बॉईन हा सॅव्हॉय प्रांतातील शांबेरी या गावी १७५१ मध्ये जन्मला. फ्रेंचांची, मग रशियाची आणि मद्रासेस इंग्रजांची चाकरी करून तो हिंदुस्थानात भाग्य शोधीत फिरत होता. महादजींनी त्यास दरमहा १,००० रुपये आणि प्रत्येक शिपायामागे ८ रुपये या बोलीवर ठेवले. त्याच्याबरोबर सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ आला. हा पूर्वी गोहदच्या राण्याच्या चाकरीत होता आणि तोफा ओतण्याच्या कामात निष्णात होता. डी बॉईनच्या कीर्तीपुढे सँगस्टर झाकला गेला. परंतु शिंद्यांच्या तोफखान्याच्या दृष्टीने त्याचे मोल उणे नाही. आग्रा येथे त्याच्या देखरेखीखाली तोफा ओतण्याचा व बंदुका घडविण्याचा कारखाना सुरू झाला. तेथे सुमारे १० रुपये खर्चात चांगली बंदूक तयार होत असे. पुढे मथुरा, दिल्ली, ग्वाल्हेर, काल्पी आणि गोहद येथेही दारूगोळ्याची कोठारे झाली.

या कारखान्यांत सँगस्टर एकटा काय करणार? भट्टी पेटविणारे, मातीचे साचे करणारे, धातूचा रस ओतणारे, नळी कातून गुळगुळीत करणारे, लाकडी गाडे जोडणारे हे सारे कारागीर याच भूमीतले होते. मंदिरांच्या घंटा, देवांच्या मूर्ती आणि घरोघरची भांडी ओतणाऱ्या जातिवंत हातांना साहेबाने नवे माप आणि नवी शिस्त दिली. हातातील कसब मात्र पिढीजात होते. या कामाचा कस किती उच्च होता, याची साक्ष पुढे शत्रूनेच दिली. १८०३ मध्ये दिल्लीच्या लढाईनंतर इंग्रज तोफखान्याच्या अधिकाऱ्यांनी हाती आलेल्या तोफा तपासल्या. लोखंडी तोफा युरोपातून आलेल्या होत्या, परंतु पितळी तोफा जवळजवळ साऱ्या हिंदुस्थानातच ओतलेल्या निघाल्या. काही मथुरेच्या होत्या, तर काही उज्जैनच्या. त्यांची मापे फ्रेंच पद्धतीची होती आणि कारागिरी अत्यंत सफाईदार होती. कित्येक तोफांत आतील नळी लोखंडाची आणि बाहेरचे अंग पितळेचे होते. पितळ चिवट असल्याने फुटत नाही, पण सततच्या गोळ्यांनी त्याची नळी झिजते. लोखंड झिजत नाही, पण फुटण्याचे भय असते. दोहोंचे गुण एकत्र आणणारी ही युक्ती ज्यांच्या हातून साधली, त्या उज्जैनच्या ओतकाऱ्यांपैकी एकाचेही नाव सर्वसाधारण इतिहासग्रंथांत आढळत नाही.

एका पलटणीचा संसार

डी बॉईनच्या प्रत्येक पलटणीला स्वतःच्या तोफा जोडलेल्या असत. चार मैदानी तोफा आणि उंचावरून गोळा टाकणारी एक हॉविट्झर, असा हा पाच तोफांचा संच असे. तोफखाना हा मागे स्वतंत्र न राहता पलटणीबरोबर चाले, पलटणीबरोबर थांबे आणि शिपायांच्या ओळीतूनच आग ओकी. नव्या पद्धतीचे सारे बळ यात होते.

या पाच तोफांमागचा संसार पाहिला म्हणजे 'तोफखाना' या शब्दाचा अर्थ उमगतो. वर थोडे युरोपियन गोलंदाज, त्यांच्याखाली जमादार, हवालदार, नाईक. मग देशी गोलंदाज, म्हणजे नेम धरून तोफ डागणारे. त्यांच्या बरोबरीने तांडेल आणि खलाशी, म्हणजे तोफ ओढून जागेवर आणणारे, ती पुसणारे, दारू व गोळा भरणारे. हे दोन्ही शब्द दर्यावरचे. जहाजावरील तोफांबरोबर ते जमिनीवर उतरले असावेत. त्यानंतर बेलदार, म्हणजे वाट सारखी करणारे, ओढ्यानाल्यांचे उतार कापणारे, मोर्चे खणणारे. आजच्या सेनेत हे काम सफरमैनांचे मानले जाते. मग गाडीवान, म्हणजे बैलजोड्या हाकणारे. शेवटी चाके, आस आणि गाडे दुरुस्त करणारे लोहार आणि सुतार. तोफ डागणाऱ्या हातांपेक्षा तिला जगविणारे हात संख्येने अधिक होते.

पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या जमिनीतून तोफ नेणे म्हणजे काय, हे तेथील शेतकऱ्यास वेगळे सांगावे लागणार नाही. चाक आसापर्यंत रुतले, तर सेनापतीचे डावपेच निरुपयोगी ठरतात. तेथे गाडीवानाची हाक, बेलदाराची कुदळ आणि बैलांची छाती हेच कामी येते. लढाईची तारीख इतिहासात नोंदली जाते, परंतु तिच्या आधीच्या महिनाभराच्या वाटचालीची नोंद होत नाही.

या लोकांची जात, पंथ आणि भाषा एक नव्हती. शिंद्यांच्या कवायती पलटणींत अवध, दुआब आणि रोहिलखंड या भागांतील लोकांचा भरणा मोठा होता. पुरभय्ये होते, रजपूत होते, मुसलमान होते. कवायतीचे हुकूम परकीय भाषेत, छावणीतील बोलणे हिंदुस्थानीत आणि सरकारी पत्रव्यवहार मराठीत व फारशीत, असा तो त्रिवेणी संगम होता. उत्तरेतील मराठी राज्य हे एकट्या मराठीभाषकांच्या बळावर उभे नव्हते, ही जाणीव ठेवूनच त्या राज्याचा अभिमान बाळगावयास हवा.

पगाराचे महत्त्व

या माणसांची निष्ठा कशाने टिकली? त्याचे उत्तर साधे आहे : वेळेवर मिळणाऱ्या पगाराने. जुलै १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत महादजींच्या पदरी असलेल्या बादशाही पलटणी तोफांसह जयपूरकरांना जाऊन मिळाल्या. त्यांचा पगार कित्येक महिने थकला होता. या प्रसंगाने महादजींच्या सत्तेचा पायाच हादरला. पुढे डी बॉईनला पूर्ण कंपू उभारण्याची आज्ञा झाली, तेव्हा फौजेच्या खर्चासाठी दुआबातील सुपीक मुलूख जायदाद म्हणून तोडून देण्यात आला. कोईल, म्हणजे अलीगढ, हे त्याचे ठाणे झाले. मुलुखाचा वसूल थेट फौजेच्या खजिन्यात पडू लागला आणि पगाराची टंचाई मिटली.

जखमी शिपायास जखमेच्या मानाने बक्षीस द्यावे, तो बरा होईपर्यंत त्याचा पगार कापू नये, कायमचा अपंग झाल्यास अर्ध्या पगाराचे निवृत्तिवेतन द्यावे, आणि मृताची मालमत्ता त्याच्या नातलगांकडे जावी, असे नियम डी बॉईनने घातले होते. त्या काळच्या हिंदुस्थानात ही गोष्ट अपूर्व होती. लढाईनंतर आपल्या घरादाराचे काय, ही चिंता ज्याला नाही, तो तोफेपाशी पाय रोवून उभा राहतो. पुढे असईच्या रणात जे दिसले, त्याची बीजे या नियमांत होती.

फळ लवकरच मिळाले. २० जून १७९० रोजी पाटण येथे इस्माईल बेग आणि रजपूत यांच्या संयुक्त फौजेचा मोड होऊन शंभरावर तोफा शिंद्यांच्या हाती आल्या. त्याच वर्षी १० सप्टेंबर रोजी मेडत्यास राठोडांच्या घोडदळाने प्राणांवर उदार होऊन हल्ले चढविले. पलटणींनी चौकोनी रचना करून त्यांस रोखले आणि छर्ऱ्यांच्या माऱ्याने तोफांनी त्या शूर स्वारांची धूळधाण केली. घोडा आणि तलवार यांच्या युगाची अखेर त्या माळावर झाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १७९१ मध्ये दुसरा आणि १७९३ मध्ये तिसरा कंपू तयार झाला.

भावाभावांच्या तोफा

तथापि या शस्त्राची धार घरच्यांवरही चालली, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. होळकरांनीही शिंद्यांचे पाहून द्युद्रनेक नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याकडून चार पलटणी तयार करविल्या होत्या. १७९३ मध्ये लाखेरीच्या घाटात दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. होळकरांच्या तोफेचा एक गोळा शिंद्यांच्या दारूगाड्यावर पडला आणि एकामागून एक बारा गाडे उडाले. क्षणभर सारे पारडे फिरले होते. परंतु शिंद्यांच्या पलटणी डळमळल्या नाहीत. होळकरांच्या नव्या पलटणींचा जवळजवळ संपूर्ण नाश झाला आणि त्यांच्या ३८ तोफा गेल्या. आपल्या आयुष्यातील ही सर्वांत निकराची झुंज होती, असे डी बॉईनला वाटे.

ज्या दोन घराण्यांच्या छायेत इंदूर आणि ग्वाल्हेर येथील मराठी समाज वाढला, त्यांचेच गोलंदाज त्या दिवशी एकमेकांवर नेम धरून होते. १८०१ मध्ये उज्जैन आणि इंदूर येथे, आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसर येथे हाच प्रयोग पुन्हा झाला. मराठ्यांच्या कवायती फौजा इंग्रजांशी अखेरची झुंज देण्यापूर्वीच एकमेकांवर रक्त सांडून दुबळ्या झाल्या होत्या.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे निवर्तले. १७९५ च्या अखेरीस डी बॉईन चाकरी सोडून मायदेशी निघाला आणि पेराँ हा फ्रेंच अधिकारी त्याच्या जागी आला. यंत्र तेच राहिले. ते चालविणारी दृष्टी मात्र हरपली.

१८०३ : वरचे गेले, खालचे राहिले

१८०३ च्या ऑगस्टात युद्ध सुरू झाले. मराठ्यांच्या चाकरीतील इंग्रज प्रजाजनांनी ती सोडून आमच्याकडे यावे, त्यांच्या वेतनाची सोय आम्ही करू, असा जाहीरनामा इंग्रज सरकारने काढला. अनेक अधिकारी निघून गेले. ४ सप्टेंबर रोजी जनरल लेकने अलीगढचा किल्ला घेतला. दरवाजांपर्यंतची वाट दाखविणारा ल्युकन हा पूर्वी शिंद्यांच्याच चाकरीत होता. पेराँने राजीनामा देऊन इंग्रजांचे संरक्षण पत्करले. ज्यांच्या हाती फौजेची सूत्रे होती, ते लढाई रंगात येण्यापूर्वीच रणांगण सोडून गेले.

गोलंदाजांना असा कोणताच जाहीरनामा नव्हता. त्यांनी काय केले, ते दोन रणांगणांवर दिसून आले.

पहिले रण आजच्या जालना जिल्ह्यातील असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेलस्लीची सुमारे साडेचार हजारांची फौज शिंद्यांच्या कवायती पायदळावर चालून गेली. दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्या प्रचंड घोडदळाने लढाईत फारसा भाग घेतलाच नाही. रणाचा सारा भार पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालील पलटणींवर आणि तोफांवर पडला. वेलस्ली बगलेवरून येत आहे असे पाहताच या पलटणींनी तोफांसह आपली फळी सफाईने नव्वद अंशांत फिरविली. असे काही त्यांना जमेल, ही वेलस्लीची अपेक्षाच नव्हती. तोफांचा मारा इतका अचूक होता की इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल मरून पडले आणि वेलस्लीला आपल्या तोफा मागे टाकून संगिनींच्या बळावर पुढे जावे लागले. असई गावाच्या तोंडावर सापडलेली इंग्रजांची ७४ वी पलटण जवळपास कापली गेली.

इंग्रज तोफांपर्यंत पोहोचले तेव्हा गोलंदाज पळाले नाहीत. कित्येक तोफेशेजारीच संगिनीने मारले गेले. कित्येक मेल्याचे सोंग करून पडून राहिले आणि इंग्रजांची फळी पुढे निघून जाताच उठून तोफा उलट्या फिरवून त्यांच्या पाठीवर मारा करू लागले. या तोफा इंग्रजांना दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या. सायंकाळी ९८ तोफा त्यांच्या हाती आल्या, परंतु त्यांची दीड हजारांवर माणसे मेली वा घायाळ झाली होती. लढणाऱ्यांपैकी एक तृतीयांश खर्ची पडले होते. वॉटर्लूचा विजेता म्हणून पुढे जगद्विख्यात झालेला हा सेनापती उतारवयातही असईचे नाव आपल्या मोठ्या लढायांच्या अग्रभागी घेत असे. हाती आलेल्या पितळी तोफा आपल्या सैन्याने वापराव्यात इतक्या उत्तम आहेत, असेही त्याने कळविले होते.

दुसरे रण अलवारजवळील लासवाडी. १ नोव्हेंबर १८०३ रोजी तेथे युरोपियन अधिकाऱ्यांवाचून उरलेल्या शिंद्यांच्या पलटणी लेकच्या समोर उभ्या राहिल्या. ७० हून अधिक तोफा साखळ्यांनी एकमेकींस जोडलेल्या होत्या आणि उंच गवताच्या आड दडलेल्या होत्या. घोडदळ अगदी जवळ येईपर्यंत गोलंदाजांनी बत्ती दिली नाही. त्यांनी तोफा सोडल्याच नाहीत. तोफेपाशीच संगिनीने मारले जाईपर्यंत ते आपले काम करीत राहिले. आपण आयुष्यात इतक्या बिकट प्रसंगात कधी सापडलो नव्हतो, आणि या लोकांना त्यांचे फ्रेंच अधिकारी लाभले असते तर निकाल काय लागला असता याची शंकाच आहे, अशा आशयाचे लेकने वरिष्ठांस लिहिले. जेत्याने पराभूतांना दिलेले याहून मोठे प्रशस्तिपत्र क्वचितच सापडेल.

लेकच्या या प्रशस्तीतच पराभवाचे कारणही दडलेले आहे. तोफ आपली होती आणि हात आपले होते. डोके मात्र भाड्याचे होते. देशी माणूस जमादार, सुभेदार होई, पलटणीच्या वर त्यास वाव नसे. मोठ्या फौजेची हालचाल, नकाशा आणि रसद यांची विद्या युरोपियन अधिकाऱ्यांच्या मुठीत राहिली. ती शाळेत आली नाही, आपल्या भाषेत सर्वसाधारण शिक्षणाचा विषय झाली नाही. उज्जैनचा ओतकारी उत्तम तोफ करी, पण तोफेचे शास्त्र पुढच्या पिढीला शिकविणारी पाठशाळा उज्जैनला निघाली नाही. वेतन देऊन विद्या काही काळ वापरता येते, पण ती घरात रुजवावयाची तर तिला भाषा आणि ग्रंथ यांची भूमी लागते. १८०३ चा हा खरा धडा आहे.

धातू कोठे गेला

पुढची कथा थोडक्यात सांगता येते. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनियार येथे ग्वाल्हेरच्या फौजेची इंग्रजांशी पुन्हा गाठ पडली. जनकोजीराव निवर्तले होते आणि गादीवर अल्पवयीन जयाजीराव होते. चाळीस वर्षे उलटली होती तरी गोलंदाज तोच होता. महाराजपूरला इंग्रजांची सुमारे आठशे माणसे मेली व घायाळ झाली, आणि तोफांजवळील लढाई पुन्हा संगिनींनीच संपली. ५६ तोफा तेथे गेल्या. नंतरच्या तहाने दरबारच्या फौजेवर आणि तोफांच्या संख्येवर मर्यादा आली, आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या ताब्यातील 'कंटिंजंट' फौज दरबारच्या खर्चाने उभी राहिली. १८५७ मध्ये याच कंटिंजंटने बंड केले. नोव्हेंबरात तात्या टोपे यांनी तिच्या तोफांच्या बळावर कानपूर येथे जनरल विंडहॅमला मागे रेटले.

त्यानंतर संस्थानी फौजेचे रूप पालटले. ज्या दरबाराने एके काळी शेकडो तोफा बाळगल्या, त्याने साम्राज्याच्या मोहिमांसाठी ओझ्याच्या तट्टांचे वाहतूक पथक उभे केले. १८९५ च्या चित्रळच्या आणि १८९७ च्या तिराहच्या मोहिमेत ग्वाल्हेरच्या या पथकाने वायव्येच्या डोंगरांत रसद वाहिली. मान कमी असेल, श्रम कमी नव्हते. गाडीवानाच्या वंशजाच्या हाती पुन्हा जनावराची दोरी आली.

महाराजपूर आणि पनियार येथे गेलेल्या तोफांचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या धातूतून इंग्रज सैनिकांसाठी सहा टोकांची कांस्य तारकापदके घडविण्यात आली. ती 'ग्वाल्हेर स्टार' या नावाने प्रसिद्ध आहेत. कलकत्त्यास हुगळीच्या काठी १८४७ मध्ये एक स्मारक उभारले गेले. त्याचा घुमटही याच तोफा वितळवून केला आहे. ते स्मारक आजही उभे आहे आणि ग्वाल्हेरच्या नावानेच ओळखले जाते. परंतु ते ज्यांच्या स्मरणार्थ आहे ते इंग्रज बाजूने पडलेले वीर होत. तिकडे दूर शांबेरी येथे डी बॉईनच्या स्मरणार्थ १८३८ मध्ये बांधलेले चार हत्तींचे कारंजे आहे. सेनापतीला कारंजे मिळाले, जेत्यांना घुमट मिळाला. तोफेपाशी मेलेल्या गोलंदाजाला, चाक खांद्याने उचलणाऱ्या खलाशाला आणि साचा भरणाऱ्या ओतकाऱ्याला स्मारक नाही.

एक काम अजून होण्यासारखे आहे. फौजेला पगार वाटला म्हणजे त्याची यादी होई. दारू, गंधक, बैल, दोरखंड यांचा खर्च पडला म्हणजे त्याचा जमाखर्च राही. अशा मोडी कागदांचे गठ्ठे सरकारी दफ्तरांत आहेत. जुन्या कारकुनी घराण्यांच्या पेट्यांतही असा एखादा गठ्ठा असणे असंभवनीय नाही. मोडी वाचणारे दरवर्षी कमी होत चालले आहेत आणि वाळवी मात्र कमी होत नाही. हजेरीपटावरील एक नाव वाचले गेले, तर इतिहासात एक माणूस परत येतो. सेनापतींची चरित्रे मोठ्या शहरांतील विद्वान लिहितील. परंतु कंपूच्या, तोपखान्याच्या आणि छावणीच्या वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांतील कागद गोळा करणे, ते वाचविणे आणि वाचणे हे काम त्याच गावच्या ग्रंथालयाचे आहे. शंभर वर्षे ग्रंथ सांभाळलेल्या संस्थेच्या हातून ते घडावे, कारण सांभाळण्याची सवय तिच्या अंगी मुरलेली असते.